लीलक्काच्या जागी

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून शिवलीला होसकोट्याहून चामराजपेटला आली होती. मुलगी झाली. उमाजी म्हैसूरपाकाचा पुडा घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढले, तेव्हा आत रक्तस्राव सुरू झालेला होता. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. संध्याकाळी घरी आधी बाळ आलं आणि मग शिवलीला, पांढऱ्या चादरीखाली.

ही चौऱ्याण्णव सालच्या दसऱ्याच्या सुमाराची गोष्ट. उमाजींचं शिवणाचं दुकान होतं, शाळांचे गणवेश शिवून द्यायचे. दुकानाच्याच वर दोन खोल्यांत घर. घरात ते, त्यांची बायको अंबुबाई आणि धाकटी मुलगी सिद्धी. सिद्धी पंधरा वर्षांची, दहावीला. बहिणीला ती लीलक्का म्हणायची.

अंबुबाईंनी अंथरूण धरलं ते कित्येक दिवस सोडलंच नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. बाळ रडलं की त्या कानावर पदर ओढून घ्यायच्या. मग बाळाला घेणार कोण? सिद्धीनं घेतलं. बाटली उकळायची, दूध मनगटावर टाकून बघायचं, खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा, हे सगळं तिला शेजारच्या बायकांनी दाखवलं आणि आठवडाभरात ती शिकली. बारसं कुणी केलंच नाही. घरातल्या दुःखात ते सुचलंही नाही. सिद्धी तिला चिन्नी म्हणायला लागली, आणि तेच नाव पडलं.

शाळा सोड असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत जा असंही कुणी सांगितलं नाही.

त्या भागातल्या राममंदिरामागे एक मोठी खोली होती, पुढे फरशीचं अंगण. तिथे दर रविवारी दुपारी मुलंमुली जमायची, बारा-तेरा वर्षांपासून विशीपर्यंतची. त्याला रविवारचं मंडळ म्हणत. चालवणारी अनुसूया टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होती. मूळची निपाणीकडची, तिशी उलटलेली, लग्न न केलेली. त्यावरून वडीलधाऱ्यांत कुजबुज चालायची, पण मंदिराच्या आवारातलं काम म्हणून आपापल्या मुली सगळे पाठवायचे. शिवाय दिवेलागणीला प्रत्येक मुलगी घरी पोचली की नाही, हे अनुसूयाक्का स्वतः फिरून बघायची. मंडळात मोठी मुलं लहानांची गणितं घ्यायची. जखमेवर पट्ट्या बांधायला शिकायची. बसमध्ये कुणी अंगचटीला आलं तर मान खाली न घालता ओरडायचं कसं, याची तिथे तालीम व्हायची आणि त्या ओरडण्यानं देवळातले पुजारी दचकून बाहेर यायचे. अंगणात जाळी लावून थ्रोबॉल चालायचा. सिद्धीचा हात तिथे फार चांगला होता.

ओळीनं काही रविवार ती आली नाही, तेव्हा अनुसूयाक्का घरी आली. बरोबर स्वानंदी होती, सिद्धीच्याच वर्गातली. सिद्धी पायांवर चिन्नीला घेऊन तेल लावत होती. केस विंचरलेले नव्हते.

"शाळेत तुझं नाव काढायचं म्हणतायत," स्वानंदी म्हणाली.

"काढू देत."

"अगं, दहावी आहे."

"मग हिला काय तुझ्याकडे देऊ?" सिद्धी फटकन बोलली.

"दे की," अनुसूयाक्का म्हणाली. "आज माझ्याकडे दे, उद्या हिच्याकडे."

सिद्धीला ते बोलण्यापुरतंच वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला जाणारी मंडळातली एक मोठी मुलगी दारात आली, म्हणाली, माझे वर्ग दुपारचे आहेत, तू शाळेत जा, मी बसते. दुपारी दुसरी आली. मुलगेही यायचे, ते दुधाची पावडर आणून द्यायचे, डॉक्टरकडे नंबर लावून ठेवायचे. चिन्नीला लस टोचायची होती तेव्हा रिक्षात सिद्धीबरोबर चार जण कोंबून बसले होते. संध्याकाळी स्वानंदी शाळेचं राहिलेलं सगळं पुन्हा शिकवायची आणि सिद्धी पाळण्याची दोरी ओढत ऐकायची.

अंबुबाईंना हे आवडलं नव्हतं. "घर आहे की धर्मशाळा?" असं त्या एकदा भिंतीकडे बघूनच म्हणाल्या. पण शिवलीला गेल्यापासून त्यांनी आपण होऊन काढलेले ते पहिले शब्द होते. पुढे हळूहळू त्या उठून बसू लागल्या, चिन्नीला मांडीवर घेऊ लागल्या. तिच्या कपाळाकडे बघत म्हणायच्या, "हुबेहूब लीला."

शिवलीलेचा नवरा दत्ता होसकोट्याच्या एका कारखान्यात होता. अठ्ठावीस वर्षांचा, अबोल. तो सुट्टीच्या दिवशी मुलीला बघायला यायचा, भिंतीशी खुर्ची ओढून बसायचा, तिचं बोट धरून ठेवायचा आणि बस चुकेल म्हणत उठायचा. सिद्धीनं पुढे केलेला कॉफीचा पेला तो तिच्याकडे न बघता घ्यायचा.

संक्रांत झाली आणि तो आईला घेऊन आला. चंद्राबाई कडक पण मायाळू बाई होती. सुनेच्या आठवणीनं तिचा पदर आल्याआल्या ओला झाला. तिळगूळ कुणी कुणाला दिला नाही. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "विहीणबाई, मी सरळ बोलते. आमचं लेकरू असं किती दिवस इथे ठेवायचं? दत्ताला संसार तर करावाच लागणार. बाहेरची आणली तर ती सावत्र आई. आपली सिद्धी आणली तर रक्ताची मावशी. माय मरो पण मावशी उरो म्हणतात, ते उगाच का?"

अंबुबाई रडायला लागल्या. पण ते रडणं नकाराचं नव्हतं. सिद्धी आतल्या खोलीत चिन्नीला दूध पाजत होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

"ती लहान आहे अजून," उमाजी म्हणाले.

"मी चौदाव्या वर्षी आले या घरात. आणि आम्ही काय परके आहोत, दादा? तुमची पहिली लेक आमच्याकडे दुःखात नव्हती."

ते खरंच होतं. शिवलीला सुखात होती. म्हणून तर उत्तर देणं अवघड होतं.

"तुमचं नाहीच जमणार तर सांगा," चंद्राबाई उठताना म्हणाली. "मग आम्ही आमची नात घेऊन जाऊ. पाडव्यापर्यंत विचार करा."

त्या दिवसापासून अंबुबाई सिद्धीशी वेगळ्याच मायेनं बोलू लागल्या. तिच्या केसांना तेल लावायच्या. शिवलीलेच्या साड्या ट्रंकेतून काढून उन्हात घालायच्या आणि म्हणायच्या, "या निळ्या रंगात तूही चांगली दिसशील." सिद्धीला दाजींची भीती वाटत नव्हती, होसकोट्याचीही नाही. भीती वाटायची ती फक्त रिकाम्या पाळण्याची. चिन्नी आता तिच्या आवाजाकडे मान वळवायची. दुसऱ्या कुणी घेतलं की ओठ काढायची.

रविवारी मंडळात मुलं पांगल्यावर तिनं अनुसूयाक्काला सांगून टाकलं. "मी हो म्हणणार आहे."

स्वानंदी जाळीची दोरी गुंडाळत होती, ती तशीच थांबली. "वेडी झालीस तू? अठराच्या आत लग्न कायद्यानं होत नाही. अक्का, तुम्हीच सांगितलं होतं ना? आपण पोलिसात जाऊ."

"कुणाला धरायला? माझ्या आईला?" सिद्धी म्हणाली. "नाहीतर ते चिन्नीला नेतील. तू रोज येऊन सांभाळलंयस तिला. तुला चालेल?"

स्वानंदीनं हातातली दोरी खाली टाकली.

अनुसूयाक्का पायरीवर बसली, सिद्धीलाही बसवलं. "नको म्हण, असं मी तुला सांगणार नाही. कायदा आहे, तो लागला तर मी वापरेन. पण आधी मला एक सांग. चिन्नी मोठी होईल, शाळेत जायला लागेल. तू तिचा डबा भरशील, दत्ताचा डबा भरशील. त्या घरात तेव्हा तू कोण असशील?"

"लीलक्का," सिद्धी म्हणाली.

शब्द तोंडातून निघाला आणि तिचा तिलाच धक्का बसला. निळी साडी, तीच खोली, तोच माणूस, तीच मुलगी. या सगळ्यात सिद्धी कुठेच नव्हती. ती पायरीवर बसून इतकी रडली, की बहीण गेली त्या दिवशीही ती तशी रडली नव्हती. त्या दिवशी बाळाला दूध हवं होतं.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. "मग चिन्नी मला दिसायचीच नाही का?"

"दिसेल. मी बोलते त्यांच्याशी. महिन्यातून एकदा तरी तुला भेटू देतील. मी शब्द देते."

अनुसूयाक्कानं तो शब्द मनापासून दिला होता. पण तो पाळणं तिच्या हातात नव्हतं, हे त्या वेळी तिच्याही लक्षात आलं नाही.

घरी आल्यावर सिद्धी वर गेली नाही, दुकानात गेली. उमाजी मशीनवर वाकलेले होते. "अप्पा, मला दाजींशी लग्न नाही करायचं."

मशीन थांबलं. उमाजींनी चष्मा काढला. आपल्या दोन मुलींतली एक चितेवर ठेवून आलेला तो माणूस दुसरीकडे बघत राहिला. "तुझी आई मोडून जाईल," ते म्हणाले. मग म्हणाले, "सरी, पुट्टी. बरं. नाही तर नाही."

पाडव्याच्या आधी होसकोट्याची माणसं आली. उमाजींनी अनुसूयाक्काला बोलावून घेतलं होतं. स्वानंदी आणि मंडळातली आणखी दोघं-तिघं जिन्यात उभी राहिली. चंद्राबाईला ते खटकलं. "आमच्या घरचं ठरवणारी ही कोण पोरं?"

"माझ्या लेकीची माणसं आहेत," उमाजी म्हणाले. "सहा महिने तुमची नात यांच्या मांडीवर वाढली."

अनुसूयाक्कानं वाद घातला नाही. तिनं वयाचं सांगितलं, परीक्षेचं सांगितलं. अंबुबाई मध्येच ओरडल्या, "तुमचा कायदा काय बाळाला दूध पाजणार आहे?" मग अनुसूयाक्का दत्ताकडे वळली. "तुम्हाला काय वाटतं, ते कुणी विचारलंच नाही."

दत्ता आपल्या हातांकडे बघत होता. "ही मला दाजी म्हणते," तो शेवटी म्हणाला. "लग्नात हिनं माझे बूट लपवले होते. आणि हिचा आवाज लीलासारखा आहे, अक्का. मागून हाक मारली की मला वाटतं... मला ते रोज नाही ऐकायचं." मग तो आईला म्हणाला, "आई, राहू दे."

चंद्राबाईनं तोंडावर पदर धरला. रागही आला असेल, पण मुलाला असं बोलताना तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

त्यांनी चिन्नीला नेलं. सिद्धीनं तिची दुपटी, बाटल्या, कापडी पोपट असं सगळं पिशवीत भरून दिलं. कुठल्या कुशीवर झोपते, पोट दुखलं की काय द्यायचं, ते चंद्राबाईला पुन्हा पुन्हा सांगितलं. महिन्यातून एकदा सिद्धी येईल, हे दत्तानं कबूल केलं. रिक्षा निघाली तेव्हा चिन्नी आजीच्या खांद्यावरून मागे बघत होती. ती रडली नाही. तिला वाटलं असेल, फिरायला जातोय.

अंबुबाई आत गेल्या, त्यांनी पाळणा सोडून माळ्यावर टाकला. त्या दिवसापासून त्या सिद्धीशी बोलेनाशा झाल्या. जेवायचं ताट पुढे सरकवायच्या, तेवढंच. मंडळातलं कुणी आलं की दारातच उभ्या राहायच्या. "ती अभ्यास करतेय," म्हणायच्या आणि दार लोटून घ्यायच्या.

परीक्षा आली. सिद्धी पुस्तक उघडून बसायची आणि तिचा एक पाय आपोआप हलत राहायचा, मांडीवर बाळ असल्यासारखा. स्वानंदीच्या ते लक्षात यायचं, ती तोच उतारा पुन्हा वाचायची. मे महिन्यात निकाल लागला. सिद्धी पास झाली, फार चांगल्या मार्कांनी नाही, पण झाली. उमाजींनी मंडळात पेढे पाठवले. अंबुबाईंनी देवापुढे दिवा लावला आणि आत निघून गेल्या.

महिन्यातून एकदा सिद्धी होसकोट्याला जायची. एकटीला अनुसूयाक्का पाठवायची नाही, मंडळातलं कुणीतरी बरोबर असायचं, बहुतेकदा स्वानंदी. मार्केटातून बस, जायला बराच वेळ लागायचा. पहिल्या खेपेला चिन्नी झेपावली होती. दुसऱ्या खेपेला थोडी लाजली, मग आली. तिथे तिचं रीतसर बारसं झालं होतं. नाव ठेवलं होतं रेणुका. मग उन्हाळा संपताना दत्ताचं लग्न झालं, साधंच, कोलारच्या उल्का नावाच्या मुलीशी. चंद्राबाईनं निरोप पाठवला, आता दोन महिने येऊ नको, नव्या मुलीला रुळू दे. दोनाचे तीन झाले.

दसऱ्यानंतर, शिवलीलेचं वर्षश्राद्ध झाल्यावर, सिद्धी आणि स्वानंदी पुन्हा गेल्या. उल्कानं दार उघडलं. एकोणीस-वीस वर्षांची असेल, घाबरट डोळ्यांची. तिच्या कडेवर चिन्नी होती. अंगावर पिवळं झबलं, कानांत बारीक बाळ्या, केसांना दोन रबरबँड.

"चिन्नी," सिद्धीनं हात पुढे केले.

मुलीनं तिच्याकडे बघितलं, अनोळखी माणसाकडे बघतात तसं, आणि उल्काच्या मानेत तोंड खुपसलं. सिद्धीनं पुन्हा हाक मारली. मुलीला त्या नावाची ओळखच राहिली नव्हती. उल्का बिचारी ओशाळली. "जा ना, मावशी आहे," म्हणत तिनं तिला पुढे केलं, तशी ती कळवळून रडायला लागली. "अम्मा, अम्मा," म्हणत उल्काचा पदर तिनं मुठीत धरला.

"राहू दे," सिद्धी म्हणाली. "नका रडवू तिला."

चंद्राबाईनं कॉफी दिली. जाताना ती सिद्धीला पडवीत घेऊन आली. तिचा आवाज मऊ होता. "मागच्या वेळी तू गेल्यावर ती दोन दिवस दाराकडे बघून रडत होती, पोरी. तुला सांगितलं नव्हतं. आता कुठे उल्काला धरून राहिलीय. पुन्हा पुन्हा दोन आया दाखवू नकोस तिला. मोठी झाली की आम्हीच पाठवू."

सिद्धीनं मान डोलावली. मग आत जाऊन ती उल्काशी बोलली. "ताप आला की तिला पाठीवर नाही झोप लागत. खांद्यावरच घ्या. आणि गाणं येत नसलं तरी चालतं, नुसतं गुणगुणलं तरी पुरे." उल्का ते सगळं नीट ऐकत होती. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं.

बसमध्ये खिडकीशी बसून सिद्धी बाहेर बघत राहिली. स्वानंदीनं तिचा हात हातात घेतला आणि मार्केट येईपर्यंत सोडला नाही. उतरल्यावर स्टँडवर अनुसूयाक्का उभी होती. तिनं दोघींच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि तिला कळलं.

"मी तुला शब्द दिला होता, सिद्धी."

"त्यांची चूक नाही, अक्का. तुमचीही नाही." अनुसूयाक्का गर्दीतून तिच्या पुढे पुढे चालत वाट काढत राहिली, अगदी घराच्या जिन्यापर्यंत.

दार उघडंच होतं. अंबुबाई चुलीपाशी शेंगा सोलत होत्या. सिद्धी चपला काढून आत वळली, नेहमीसारखी, काही न बोलता.

"अंगात काय होतं तिच्या?"

सिद्धी थबकली. आईचा आवाज इतक्या महिन्यांनी आपल्याकडे वळलाय, हे तिला पटायला वेळ लागला.

"पिवळं झबलं. नवीन होतं."

"दात?"

"वर दोन, खाली दोन. भिंत धरून उभी राहते, म्हणाली तिची... उल्का म्हणाली."

"बाळ्या घातल्या?"

"घातल्या. बारीक."

अंबुबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तुला ओळखलं?"

सिद्धीनं मागे वळून बघितलं. दारात स्वानंदी उभी होती, तिच्या मागे जिन्यात अनुसूयाक्का.

"ओळखलं की," स्वानंदी म्हणाली. "माझ्याकडे आलीच नाही. हिच्याकडे मात्र गेली."

अंबुबाईंनी मान हलवली, पुन्हा पुन्हा हलवली. त्यांना ते खरं वाटलं की नाही, कुणास ठाऊक. त्या उठल्या, सिद्धीजवळ आल्या, आणि शिवलीला गेल्यानंतर पहिल्यांदा त्यांनी या मुलीला पोटाशी धरलं. सिद्धी आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत राहिली. अंबुबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, ढेकर काढताना फिरवतात तसा, खालून वर.

मग त्यांनी दाराकडे बघितलं. "तुम्ही दोघी अशा उभ्या का? आत या," त्या म्हणाल्या. "कॉफी टाकते. स्वल्प बसा."